गोष्टीतलं गाव कोणतं?

लेखक म्हणून मी पहिल्यांदा जिथे बसले, तो जुन्नरमधल्या एका शाळेचा पाचवीचा वर्ग होता. बाक इतके ठेंगणे की आमच्यातल्या धिप्पाड कवींना गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागत होतं. नव्वदच्या दशकाची अखेर, मे महिना, डोक्यावर पत्रा. एका वाचनालयाने नवलेखकांसाठी तीन दिवसांचं उन्हाळी शिबिर भरवलं होतं आणि त्याची चिठ्ठी आमच्या कॉलेजच्या फळ्यावर लागली होती. फी नव्हती, जेवण होतं आणि मुलींना सहाच्या एसटीआधी सोडणार होते, म्हणून घरून परवानगी मिळाली.

आम्ही तीसेक जण होतो, त्यातले पंचवीस कवी. जुन्नर आणि आंबेगाव या दोनच तालुक्यांत एवढे कवी असतील आणि तरी टमाट्यांचे प्लॉट वेळेवर काठ्या-तारांना बांधून होत असतील, याचं मला नवल वाटलं. मार्गदर्शन करायला पुण्याहून एक लेखक आले होते. पहिला अख्खा दिवस त्यांचा सत्कार, अध्यक्षांचा सत्कार, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार यातच गेला. दुपारी भाषणं झाली आणि एका कवीने पावसावरची कविता घामाने भिजून वाचली.

माझ्याकडे कविता नव्हती. माझ्याकडे एक गोष्ट होती, आणि खरं सांगायचं तर तीही माझी नव्हती. ताईची होती.

दोन वर्षांपूर्वी ताईची सुपारी फुटायची होती, म्हणजे सोयरीक पक्की व्हायची होती. मुलाकडची पंधरा-वीस माणसं आली होती. ताई हिरवी साडी नेसून पाटावर बसली. अशा वेळी आमच्याकडे पाहुण्यांना टॉवेल-टोपी देऊन मान करतात. आण्णा, म्हणजे आमचे वडील, एकेकाला टोपी घालत मुलाच्या चुलत्यापर्यंत आले. टोपी घालून घेताना माणसाने मान जराशी वाकवायची, एवढी साधी रीत. या चुलत्याने मान ताठ ठेवली. आण्णांची उंची बेताची, त्यांनी टाचा उचलून टोपी घातली. चुलत्याने ती काढून त्यांच्या हातात ठेवली. "ल्हान हाय ही. दुसरी आना." दुसरीलाही तेच. तिसऱ्या खेपेला पाहुण्यांच्या रांगेत खसखस पिकली, आणि सगळे हसताहेत म्हटल्यावर आण्णाही कसनुसे हसले. ते हसले आणि ताई पाटावरून उठली. मागच्या दाराने सरळ रानात गेली आणि त्या नव्या साडीतच टमाटे तोडायला लागली.

मुलगी पाटावरून उठणं ही आमच्याकडे लहान गोष्ट नाही. सोयरीक तिथेच मोडली. गावाला आम्ही सांगितलं, पत्रिका जुळली नाही. आण्णांना ताईने सांगितलं, मुलगा आवडला नाही. खरं कारण तिने एकट्या मला सांगितलं, आणि तेही गळ्याची शपथ घालून. आपल्यापायी पोरीची सोयरीक मोडली हे आण्णांना कळलं तर ते झुरणीला लागतील, ही तिची भीती. आण्णा मात्र तेव्हापासून तिच्याशी कामापुरतं बोलायचे. ऐन पाटावर नखरे करून पोरीने आपलं नाक कापलं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आणि हे सगळं मी वहीत उतरवून काढलं. शपथेचं काय, असं कोणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते की नावं बदलली आहेत. गावही बदललं होतं. नारायणगावाजवळची आमची वारूळवाडी काढून मी खोडद घातलं होतं. शाळेच्या सहलीला आम्ही तिथल्या तबकडीच्या आकाराच्या रेडिओ दुर्बिणी बघून आलो होतो. मुलगी टमाटे तोडते आहे आणि तिच्या मागे ती भली थोरली तबकडी सावकाश आभाळाकडे तोंड फिरवते आहे, हे मला फार म्हणजे फारच साहित्यिक वाटलं होतं.

शुक्रवारी, शिबिराच्या दुसऱ्या दिवशी, मी ती गोष्ट वाचली. टोपीच्या प्रसंगाला सगळा वर्ग गप्प झाला. वाचून संपलं तेव्हा पुण्याचे लेखक म्हणाले, "छान. कथेच्या शिल्पाविषयी, म्हणजे घडणीविषयी, कोणाला काही बोलायचं आहे?"

दुसऱ्या बाकावरून एक हात वर झाला. निवृत्त झालेले एक प्राथमिक शिक्षक होते ते. निवृत्तीनंतर कविता करायला लागले होते आणि सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचे. ते उभे राहिले. "बाकी समदं ब्येस हाय. पन हे खोडदला घडल्यालं न्हाई. मी जल्मापासनं खोडदचा. पाटावरनं उठल्याली पोरगी आमच्या गावात न्हाई."

झालं. शिल्प राहिलं बाजूला. एक जण म्हणाला, मंचरकडे असं काहीतरी ऐकलं होतं. दुसरा म्हणाला, छे, ती पळून गेलेली, ही उठलेली आहे. टमाटे आहेत म्हणजे नारायणगावच्याच आसपासचं, असा तिसऱ्याने निकाल दिला. साहित्याचं शिबिर बघता बघता सोयरिकीच्या बैठकीवर आलं. पुण्याचे लेखक गोंधळून म्हणाले, "अहो, पण ही काल्पनिक गोष्ट आहे ना?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "सर, टोपी तीन डाव घालाया लावली, हे घरात बसून सुचत न्हाई."

लेखिकेला याहून मोठी शाबासकी ती कोणती! पण मी वही मिटून मांडीखाली सरकवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते त्या दिवशी मला नीट समजलं.

चहाच्या सुट्टीत गुरुजी बशी हातात घेऊन माझ्याजवळ आले. "तू कुनाची गं, पोरी?"

आता वडीलधाऱ्या माणसाने हे विचारलं की आमच्याकडच्या माणसाची जीभ मेंदूला न विचारता चालू होते. गाव, वडलांचं नाव, आईचं माहेर, मामाचं गाव, सगळं मी एका दमात सांगून टाकलं. पुण्याची एखादी मुलगी असती तर म्हणाली असती, कशाला हवंय? माझ्या ते मनातसुद्धा आलं नाही. सांगून झाल्यावर लक्षात आलं की एवढा आटापिटा करून बदललेलं गाव मी आपल्याच तोंडाने त्यांच्या बशीत नेऊन ठेवलं होतं.

गुरुजींची बशी ओठापाशी थांबली. "वारूळवाडी. थोरल्या भैनीचं बघताय न्हवं?"

"हो."

"परवा रविवारी पेठ गावचं पावनं येनार हायेत तुमच्याकडं?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"माझी भैन दिलीया पेठला. त्या पोराचा मी सख्खा मामा."

त्यांनी चहा संपवला, बशी धुऊन पालथी घातली आणि आत जाऊन बसले.

शनिवारी गुरुजी शिबिराला आलेच नाहीत. पेठला गेले, दुसरं काय! दोन वर्षांनी ताईला धड स्थळ आलं होतं. मुलगा एका कारखान्यात कायम होता, माणसं बरी वाटत होती आणि मुख्य म्हणजे त्यांना मागचं काही ठाऊक नव्हतं. ते आता ठाऊक झालं होतं, आणि कुणामुळे? कारखान्यात कायम असलेल्या मुलाची आई पाटावरून उठलेली सून कशाला करून घेईल? समारोपात पुण्याचे लेखक म्हणाले, तुझी गोष्ट आमच्या दिवाळी अंकाला दे. मी या वाक्याची तीन वर्षं वाट पाहत होते. मी वही त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतली आणि "नको सर" म्हणून एसटीला पळाले.

घरी पाहुण्यांची तयारी चालली होती. आण्णा पडवीतले क्रेट उचलून गोठ्याकडे नेत होते, आई शेंगदाणे भाजत होती, ताई साडीला इस्त्री करत होती. ती काहीतरी गुणगुणत होती, हे मला सगळ्यात असह्य झालं. सांगून टाकावं म्हणून मी दोनदा तिच्यापाशी गेले आणि दोनदा इस्त्री तापली का बघून परत आले. मला ताईची काळजी होती हे खरं. पण ती मला आता काय म्हणेल याची काळजी त्याहून थोडी जास्तच होती. भित्री ती भित्री, वर शपथ मोडणारी.

पाहुणे येणारच नाहीत, अशी माझी खात्री होती. रविवारी दहाला जीप दारात थांबली तेव्हा वाटलं, तोंडावर नाही म्हणायला आले असतील. सगळ्यांत शेवटी गुरुजी उतरले. माझ्याकडे त्यांनी ओळखसुद्धा दाखवली नाही.

पोहे झाले, चहा झाला, पाण्याच्या टंचाईवर बोलणं झालं. मग गुरुजी म्हणाले, "पोरापोरीला दोन शब्द बोलू द्या." तेव्हा आमच्याकडे अशी पद्धत फारशी नव्हती. आण्णा बिचकले, पण मुलाच्या मामाला नाही कसं म्हणणार? धाकट्या बहिणीने सोबत जायचं, असं ठरलं. म्हणजे मी. फाशीच्या माणसाने दोर घेऊन चालावं तशी मी त्या दोघांच्या मागून गोठ्याजवळच्या लिंबाखाली गेले.

मुलगा थोडा वेळ पायाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "मामा म्हनत व्हता ते खरं हाय का? टोपीचं?"

ताईने आधी माझ्याकडे पाहिलं. तिची ती नजर मी अजून विसरलेले नाही. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "खरं हाय. पाटावरनं उठले मी. पत्रिकेचं समदं खोटं."

"मामानं काल येऊन सांगितलं. मागचं समदं कळल्याबिगर सोयरीक करायची न्हाई म्हनला."

"मंग?" ताईचा आवाज चढला. "न्हाई म्हनायला एवढी जीप करून आलात?"

"न्हाई वो," तो घाईघाईने म्हणाला. "आईनं आमच्या समदं ऐकलं. मंग म्हनली, बापासाठी पाटावरनं उठली न्हवं, आता हीच पोरगी बघाया जायचं."

माझा जीव भांड्यात पडला. ताई तर लाजायचं सोडून खळखळून हसत होती.

आत जाऊन पसंती कळवली गेली. निघताना आण्णा रीतीप्रमाणे टॉवेल-टोप्यांचं ताट घेऊन पुढे झाले. गुरुजींनी ताटावर हात ठेवला. "पावनं, टोप्या ऱ्हाऊ द्या. मागल्या बारीला काय झालं ते आमाला ठाव हाय. पोरगी तुमच्यापायी उठली तेबी. धाकटीनं लई झ्याक लिवलंय. फकस्त गाव चुकलंय."

बाकीचे हसले. आण्णा हसले नाहीत. ताट हातात तसंच धरून ते जीप नजरेआड होईपर्यंत दारात उभे राहिले. मग वळून ताईला म्हणाले, "टोपीपायी उठली व्हतीस तू?"

"मंग काय. तुमी हासलात, तवा मला ऱ्हावलं न्हाई."

"मंग पोरगा आवडला न्हाई का म्हनलीस?"

"तुमाला लागलं असतं."

आण्णा ओट्यावर बसले. आईने आणलेलं पाणी त्यांनी नुसतंच हातात धरलं. शेवटी मला म्हणाले, "काय लिवलंयस त्ये आन."

मी वही आणली आणि भर दुपारी ओट्यावर बसून सगळी गोष्ट वाचली. मध्येच ताईने मला दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर काळंनिळं राहिलं. शपथेचा हिशोब तेवढ्यावर मिटला, आणि मी स्वस्तात सुटले असंच मला आजही वाटतं. टमाटे तोडताना मुलगी रडते, असं मी लिहिलं होतं. तिथे ताई म्हणाली, "खोटं हाय. मी रडले न्हाई. उलट लई मोकळं वाटलं व्हतं मला." मी ती ओळ तिच्यासमोर खोडली.

वाचून झाल्यावर आण्णा म्हणाले, "दोन वर्सं मी तुझ्यावर उगाच राग धरला गं." त्यांनी ओट्यावर आपल्या शेजारी हात थोपटला, तशी ताई जाऊन बसली.

"आता परत कुनी तसं केलं," आण्णा तिला म्हणाले, "तर येकटी उठू नको. मला हाक मार."