सत्त्याऐंशी मार्कांचे पेढे

आता लपवून तरी काय करू, सांगूनच टाकतो. स्वतःच्या फजितीचे पेढे गावभर वाटणारा माणूस बघायचाय? हा काय, समोर बसलाय!

जुन्या जालन्यात आमचं चार कॉम्प्युटरांचं सॉफ्टवेअर ऑफिस होतं. मी सगळ्यांत जुना. आणि आष्टीचा दत्ता येऊन जेमतेम सहा महिने झालेले! पण शेठच्या तोंडी सारखं "दत्ता, दत्ता". चहासुद्धा त्याला माझ्याआधी! जळायचो हो मी, खोटं कशाला बोलू? त्यात एका बियाणे कंपनीचं मोठं काम आलं, आणि त्याचा प्रमुख कोण हे ठरायचं होतं.

तेवढ्यात शेठच्या पुण्याच्या भाच्यानं एक सीडी पाठवली. तिच्यातला प्रोग्राम म्हणे आपला कोड न चालवता नुसता वाचूनच तपासतो. आकडा देतो, आणि कुठली फाईल कुठल्या फाईलवर अवलंबून आहे त्याचे बाण काढतो.

शेठ म्हणाले, "बस! आता हाच ठरवील प्रमुख कोण ते."

दोघांच्या फायली तपासल्या. दत्ताला सहा. मला सत्त्याऐंशी!

अहो, गणितात मला जन्मात एवढे पडले नव्हते! आणि चित्रात बघावं तर ऑफिसातल्या सगळ्या फायलींचे बाण माझ्याच फाईलकडे. म्हणजे घरातला कर्ता माणूस मीच की! माहितीपुस्तक होतं सोबत, पण निकाल समोर दिसत असताना ते वाचतो कोण?

दत्ता हळूच म्हणाला, "भाऊ, जरा ऐका तर. ते आकडे..."

"जळू नको रे! मेहनत कर, तुलाबी पडतील."

कोण कोणाला म्हणतंय बघा! धावत जाऊन पेढे आणले. शेजारचा कापडवाला, समोरचा धान्यवाला, सगळ्यांना वाटले. "मला सत्त्याऐंशी, दत्ताला सहा!" कापडवाल्यानं तर हार आणून गळ्यात घातला.

"भाऊ, तुम्ही बिलकुल उलटं समजून राह्यलात," दत्ता पुन्हा म्हणाला. मी त्याच्या तोंडात पेढा कोंबला.

शेठनं कौतुकानं भाच्याला फोन लावला, तोही स्पीकरवर. "अरे, आपल्या माणसाला सत्त्याऐंशी पडले!"

पलीकडून आवाज आला, "मामा, ते मार्क नाहीत, कोडमधला गुंता आहे. दहाच्या वर गेला की आम्ही परत लिहायला लावतो. आणि बाकीच्या फायली त्याच्यावर अवलंबून असतील, तर देवच वाली!"

शेठनं माझ्याकडं पाहिलं. "मंग तू पेढे कशाचे वाटून राह्यला?"

दत्ता प्रमुख झाला. पहिलं काम त्यानं मलाच दिलं, तेही किती अदबीनं! "भाऊ, त्या सत्त्याऐंशीचे तेवढे दहा करा."

चार महिने घाम गाळला. चौदाच्या खाली काही उतरलो नाही. नापास होण्यातसुद्धा नापास झालेला माणूस आहे मी!