सतरा नंबर पूजेत आहे

ट्रक आमच्या घरचा आहे. तो चालवायचा हक्क वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, आणि बिघडवायचा माझा, अशी वाटणी कधी कुणी केली नव्हती, पण चालत मात्र तशीच आली.

ट्रक जुना, लष्कराने मोडीत काढलेला, चारही चाकांनी ओढणारा. आमचं गाव मादन हिप्परग्याच्या अलीकडं. रान काळं. (पाऊस पडला की माणूस घरी येतो आणि चपला रानात राहतात.) असल्या चिखलात अप्पांनी तीस वर्षं हा ट्रक घातला आणि तेवढीच वर्षं तूर, सोयाबीन आणि दुसऱ्यांची वऱ्हाडं सुखरूप बाहेर काढली. माझा धंदा मास्तरकीचा. शाळेत मी विज्ञान शिकवतो. फळ्यावर मला कुठलाही गिअर काढून दाखवता येतो.

त्या वर्षी श्रावणात अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गाडी आता विसरायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. अप्पा घरी आले ते भिंतीकडं तोंड करून पडले. दोन महिने कुणाशी धड बोलले नाहीत. बोलले तर एकच वाक्य, "नवमीला लिंबावरून गाडी मीच घालनार."

आमच्याकडं खंडेनवमीला आयुधपूजा असते. घरातली सगळी हत्यारं धुऊन पुसून देवापुढं मांडायची, गाडीला हार घालायचा, चाकांपुढं लिंबं ठेवायची आणि मालकानं गाडी त्या लिंबांवरून न्यायची. पूजेत बसलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तिचाही तो सुटीचा दिवस असतो. लिंबावरून गाडी घालायचं अप्पांचं एकही वर्ष चुकलं नव्हतं. माणूस असा भिंतीकडं बघत पडलेला मला बघवत नव्हता, म्हणून मी म्हटलं, "घाला अप्पा. गाडी मी तयार करून ठेवतो."

ही माझी पहिली चूक.

गाडीत तसा मोठा दोष नव्हता. इंजिनाला लागून गिअरबॉक्स असतो. या ट्रकात त्याच्या मागं हातभर अंतरावर दुसरा छोटा डबा वेगळा टांगलेला आहे, तो पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देतो. मिस्त्री लोक त्याला ट्रान्स्फर म्हणतात. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर यांच्यामध्ये एक आखूड दांडा, शाफ्ट. या ट्रान्स्फरमधून थोडा घुर्र आवाज यायचा. अप्पांना तो तीस वर्षं ऐकू आला नव्हता. मला आला. हिप्परग्याच्या गॅरेजवाल्या उस्तादला बोलवा, असं बायको म्हणाली. मी म्हटलं, "चार बोल्टवर टांगलेला डबा, त्याला उस्ताद कशाला?" आणि मोबाईलवर तीन व्हिडिओ बघून तो खाली काढला.

काढायला एक तास लागला. नंतरचा दीड महिना तो अंगणात पोत्यावर बसून होता. धुतला, बेअरिंगं बदलली, वरून रंगसुद्धा दिला. येणारेजाणारे विचारायचे, "मास्तर, ह्ये कशाचं हाय?" मी सांगायचो. पुढच्या वेळी ते दुसरीकडून जायचे.

नवमीच्या सकाळी मी तो परत चढवायला घेतला. डब्याला चार कान असतात, प्रत्येक कानाच्या वर आणि खाली रबराची जाड चकती आणि मग बोल्ट. जुनी रबरं कुजली होती. आळंदला मिळाली नाहीत, उमरग्यालाही नाहीत. मग मी अप्पांच्या टायरच्या जुन्या चपला कापल्या आणि त्यांच्या आठ चकत्या केल्या. (अप्पा अजून त्या चपला शोधतात.) जॅकवर डबा ठेवून खालून उचलला, चारही कान बसवले, सतरा नंबरच्या पान्यानं चारही बोल्ट करकचून आवळले. खरं सांगतो, त्या क्षणी मला माझा फार अभिमान वाटला. आता फक्त मधला शाफ्ट जोडायचा होता.

मी खाली उताणा पडून शाफ्ट लावत होतो तेव्हा बायको, सुरेखा, गाडीजवळ आली.

"झालं का? मांडायलेय मी पूजा."

"हूं."

"पाने न्हेऊ का मग?"

"हूं."

"समदेच न्हेते. परत म्हनू नका."

"हूं."

लग्नाला बावीस वर्षं झाली. या काळात मी तिच्या एकूण एक प्रश्नांना हूं म्हणत आलो आणि एकदाही काही बिघडलं नाही. त्या दिवशी शाफ्टची भोकं डब्याच्या भोकांसमोर येईनात. अर्धं बोट वर राहात होती. अप्पांच्या चपला जाड, त्यामुळं डबा खाली बसला होता. चारही बोल्ट सैल करून, वरच्या चकत्या तासून डबा वर घ्यायला हवा होता. मी बाजूला हात घातला. हाताला माती लागली.

"सुरेखा, सतरा नंबर कुठाय?"

"पूजेत हाय."

"एकोणीस?"

"पूजेत."

"अगं, पकड तरी?"

"ती बी पूजेत. कामून वरडायलाव? मी तीनदा इचारलं की."

मी बाहेर येऊन बघितलं. देवघरापुढं पाट मांडून सहा नंबरपासून बत्तीसपर्यंत सगळे पाने ओळीनं लावले होते. प्रत्येकाला विभूतीची तीन बोटं, कुंकू आणि एकेक शेवंती. माझ्या हातून ते इतके नीट कधी लागले नव्हते. सतरा नंबर मधोमध होता, त्याला हारही होता.

"एकच उचलतो. पाच मिनिटांत ठेवतो परत."

"हात लावा बघू," सुरेखा शांतपणे म्हणाली. "अप्पाचा गुडगा बरा व्हऊ दे म्हनून मांडलीया मी पूजा. बगा तुमचं तुमी."

मी विज्ञानाचा मास्तर, तरी हात मागं घेतला. मग ती जॅक न्यायलाही आली, त्याच्यावर टेकवलेलं शाफ्टचं टोक तिनं अलगद खाली सोडलं आणि त्यालाही कुंकू लावून पाटावर बसवलं. म्हणजे तोही गेला.

शेजारी काशिनाथअण्णा. ट्रॅक्टरवाले, हत्यारांचा अख्खा डबा बाळगणारे. मी गेलो.

"अण्णा, एक पाना द्या. तासाभरानं आणून देतो."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "मास्तर, आज कंचा दिस हाय?"

"नवमी."

"मग पाना कसा मागायलाव? शाळंत ह्येच शिकवताव का पोरांना?"

गल्लीतल्या आणखी चार घरी गेलो. सगळीकडं पाने देवापुढं. शिंप्याची कात्री, न्हाव्याचा वस्तरा, पंक्चरवाल्याचा पंप, सगळे शेवंती लावून बसलेले. तेवढ्यात मला उस्ताद आठवला. महबूब उस्ताद, मुसलमान माणूस. त्याच्याकडं काही ही भानगड नसणार. मोटारसायकल काढायला गेलो, तर तिला हार. सायकललाही हार. मग उन्हातून चालत हिप्परगा गाठलं.

उस्तादच्या गॅरेजच्या दाराला केळीचे खुंट बांधले होते. पांढरेशुभ्र कपडे घालून उस्ताद खुर्चीवर बसला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चुरमुरे वाटत होता. मागं त्याची सगळी हत्यारं कुंकू लावून मांडलेली.

"उस्ताद, तुम्हीसुद्धा?"

"हौ मास्तर. पूरा घर इनोंपर चलता. साल में एक दिन तो आराम देना की नै इनको?"

मी माझी अडचण सांगितली. त्यानं नीट ऐकून घेतलं. "रबर काय का डाले?"

"चपलांचं."

उस्तादनं आधी माझ्या पायांतल्या चपलांकडं बघितलं. मग चुरमुऱ्यांचा मोठा पुडा माझ्या हातात देऊन म्हणाला, "कल दस बजे आतूं. तब तक तुम हात नक्को लगाओ."

घरी आलो तेव्हा चार वाजले होते. अप्पा अंगणात खुर्चीवर बसले होते. नवं धोतर, पटका, कपाळावर विभूती. दाढी केली होती, दोन महिन्यांत पहिल्यांदा. गाडीला झेंडूचा हार आणि चारही चाकांपुढं एकेक लिंबू. गाडी फुललेली होती आणि पोटातला शाफ्ट लोंबकळत होता. इंजिन कितीही गरजलं तरी चाकापर्यंत काही पोचणार नव्हतं.

अप्पांना सांगायला मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा चुरमुरे खाल्ले.

शेवटी काशिनाथअण्णा मागं येऊन कानाशी म्हणाले, "लिंबू चिरडाया हातभर तर सरकायचं हाय. इंजन चालू ठिवू आन् मागनं ढकलू. म्हाताऱ्याला काय कळतंय?" मला ते पटलं. (मला त्या दिवशी काहीही पटलं असतं.) मी खाली शिरून लोंबकळता शाफ्ट सुतळीनं वर बांधला. अण्णांनी गल्ली गोळा केली. पंधरा-वीस जण पूजेला आल्यासारखे ट्रकामागं उभे राहिले. अप्पांना दोघांनी धरून वर बसवलं. अप्पांनी स्टिअरिंगला नमस्कार केला, किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं.

अण्णा खिडकीशी उभे राहून गिअरवर नजर ठेवत होते. "पयला टाकला," ते मागं तोंड करून म्हणाले. आम्ही जोर लावला. ट्रक हलला, चारही लिंबं फुटली, सुरेखानं नारळ फोडला. मी श्वास सोडला आणि हात काढला.

"दुसरा टाकला," अण्णा म्हणाले.

अप्पा थांबले नव्हते आणि बाकीचेही ढकलतच होते. फाटकातून ट्रक बाहेर वळला. मी "अप्पा, ब्रेक" म्हणून हाक मारली, त्यांना ऐकू आली नाही. दुसऱ्या गिअरला वेग हवाच, म्हणून आम्ही पळायला लागलो. चावडीपर्यंत पळालो. अप्पा हॉर्न देत होते, खिडकीतून हात काढून ओट्यावरच्यांना 'शरणु शरणु' म्हणत नमस्कार करत होते. माझ्या उजव्या हाताला आमच्या शाळेचे हेडमास्तर ढकलत होते. ते कधी आले मला कळलं नाही.

चावडीपुढं अप्पांनी ब्रेक लावला. आम्ही गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत उभे राहिलो.

"रिवर्स टाकला," अण्णा म्हणाले.

आता सगळ्यांना पळत गाडीच्या पुढं जायचं होतं. आम्ही जात होतो तोवर अप्पा क्लच दाबून बसले. त्यांनी आधी आरशात बघितलं, मागं कुणी राहिलं नाही ना. मग समोर बघितलं, सगळे नीट हात लावून उभे आहेत ना. माझ्याकडं बघून मान हलवली आणि क्लच सोडला.

तेव्हा मला कळलं की म्हाताऱ्याला सगळं कळलंय.

अंगणात गाडी उभी राहिली. अप्पा खाली उतरले आणि हसायला लागले. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दोन महिन्यांत आमच्या घरात कुणी तसं हसलं नव्हतं. सुरेखा पदर तोंडाला लावून उभी राहिली. मलाही भरून आलं, पण धाप लागलेली असल्यामुळं ते कुणाला दिसलं नाही.

"अप्पा, तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"चढायच्या आदीच. सुतळी लोंबायलीय बग खाली." त्यांनी माझ्या पुड्यातले चुरमुरे घेतले. मग सुरेखाकडं वळून, शांतपणे, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "सूनबाई, फुडच्या वर्षी पाने बाहीर ऱ्हाऊ द्या. पूजेत ह्येला बसवा. दुसऱ्या दिसापातूर कशालाच हात लावनार न्हाई."

गल्ली हसली. मीही हसलो. घरची थट्टा आहे, उद्या विसरतील, असं मला वाटलं.

सुरेखा विसरली नाही. पुढच्या नवमीला तिनं मला सकाळीच आंघोळ करायला लावून पाटावर, बत्तीस नंबरच्या शेजारी बसवलं, विभूतीची तीन बोटं ओढली आणि कानावर शेवंती ठेवली. संध्याकाळपर्यंत मी जागचा हललो नाही. बाहेर अप्पांनी किल्ली फिरवली, उस्तादनं जोडून दिलेला ट्रक कुणी न ढकलता लिंबांवरून गेला, चावडीपर्यंत जाऊन आला. आजवर तो इतका चांगला कधी चालला नव्हता.