पोटावारी आलेली पाहुणी

माझी नात परवा फोनवर सांगत होती, तिला म्हणे परदेशात हिंडायचंय. मी म्हटलं, पैसे कुठून आणशील बाई? तर म्हणाली, आजी, तेवढे पैसे लागतच नाहीत. तिकडं लोकांच्या घरी राहायचं, त्यांच्या बागेत, गोठ्यात अर्धा दिवस काम करायचं, ते जेवायला घालतात आणि निजायला जागा देतात. ती मोठ्या हौसेनं सांगत होती आणि मी नुसतं हूं हूं करत होते. फोन ठेवल्यावर सुनेनं विचारलं, काहून तोंड उतरलं तुमचं? तिला सांगत बसले असते तर चुलीवरचं वरण करपलं असतं, म्हणून इथं लिहिते.

अशी पोटावारी काम करत देशोदेशी हिंडणारी पोरगी मी पाहिली आहे. आमच्याच खेड्यात, वसमतकडच्या हट्टा गावाच्या बाजूला. बहात्तरचा तो मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. माझं नुकतंच लग्न झालेलं. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, आणि सासूबरोबर मी एका मोठ्या शेतकऱ्याकडं हळदीच्या कामाला जायची. सासूला मी आत्याबाई म्हणायची. त्या घरच्या हळदीत तिचा हात मी यायच्या किती तरी आधीपासूनचा. गुडघे धरायचे तिचे, बसली की उठताना वेळ लागायचा, पण ओल्या हळदीचा गड्डा हातात घेतला की पोटची हळकुंडं अशी सोडवायची की एक मोडायचं नाही.

हळद काढून झाली, मोठ्या कढयांत शिजवणं सुरू झालं, आणि त्याच दिवसांत मालकाचा धाकटा मुलगा औरंगाबादेहून आला. कॉलेजात होता तो. सोबत ही गोरी पोरगी. त्याच्या कुण्या दोस्ताकडं उतरली होती, तिला खेडं बघायचं होतं. अंगात बाप्याची विजार, आणि पाठीवर पिशवी एवढी थोरली की मागून बघितलं तर पिशवीलाच पाय फुटलेत असं वाटावं. आमच्यातली एक जण म्हणाली, हिला सासर न्हाई वाटतं, बिऱ्हाडच पाठीवर घेऊन हिंडून राहिली. आम्ही पदर तोंडाला लावून हसलो.

दुसऱ्या दिवशी ती टोपलं घेऊन आमच्यातच येऊन बसली. मालकीणबाईंना ते आवडलं नव्हतं, पाहुण्याला कामाला लावलं म्हणून गाव नाव ठेवील, असं त्यांचं म्हणणं. पण पोरगी ऐकेना. मुलानं आईला समजावलं, की ही जिथं जाते तिथं असंच करते, फुकटचं खात नाही, काम करते आणि त्याबदली जेवते. मग मालकीणबाईंनी तिला एक जुनं लुगडं दिलं. ते ती रोज नव्या तऱ्हेनं नेसायची आणि आत्याबाई रोज ते सोडून नीट नेसवायची.

काम मात्र मन लावून करायची हो. पहिल्या दिवशी हळकुंडं मोडली, तिसऱ्या दिवशी मोडायची थांबली. शिजलेली हळद डोक्यावर नेऊन खळ्यावर पसरायची, उन्हात लाल व्हायची, पण बसायची नाही. भाषा तिची आम्हाला येईना, आमची तिला. हातवाऱ्यांवरच सगळं चालायचं. तिनं मला तिच्या आईचा फोटो दाखवला. मी तिला माझ्या हातावरचं गोंदण दाखवलं. मला ती आवडायला लागली होती, हे आधी सांगून ठेवते.

आठवडाभरात एका संध्याकाळी मालकीणबाईंनी मला बोलावलं. वाईट बोलल्या नाहीत, उलट गोडच बोलल्या.

"तुझ्या सासूला आता घरी बसव बरं. आमच्याकडं ही पोरगी हाय, पोटावारी करून राहिली. एक बाई कमी चालती. म्हातारीच्या गुडघ्याला बी आराम."

मी मान हलवली. दुसरं काय करणार. घरी आत्याबाईला सांगितलं, तेव्हा ती चूल फुंकत होती. फुंकायची थांबली नाही. हळदीचे तेवढेच दिवस आमचे कमाईचे. पुढं उन्हाळाभर हाताला काम नसायचं, आणि त्यातली एक मजुरी गेली म्हणजे काय, ते घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. पण तिला लागलं ते निराळंच. एवढ्या वर्षांचा हात, आणि तिच्या जागी एक हौशी पोरगी चालती, हे तिला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. पोरगी इकडंतिकडं बघायला लागली, गुडघ्यावर हात ठेवून मला खुणेनं विचारू लागली, की म्हातारी कुठं, पाय दुखतात का? तिला काही माहीत नव्हतं. मालकाच्या मुलाला तिच्या भाषेत सगळं समजावून सांगता आलं असतं, पण मी वस्तीतली नवी सून, मालकाच्या तरण्या मुलाशी जाऊन बोलणार कशी? तसं चालतच नव्हतं तेव्हा. म्हणून मीच खुणा केल्या. मान हलवून नाही म्हटलं. तिच्या टोपल्याकडं बोट केलं, मग वस्तीकडं केलं, मग माझ्या पोटावर हात ठेवला. मला म्हणायचं होतं, तुझ्या या कामानं आमचं पोट मारलं जातंय. ती माझ्याकडं बघत राहिली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, समजली.

दिवस मावळायला ती आमच्या वस्तीत आली. एकटीच, दोन्ही हातांत फडक्यात बांधलेलं काहीतरी धरून. लेकरं मागं लागलेली, बाया दारात. आमच्या दाराशी येऊन तिनं फडकं सोडलं आणि आत्याबाईपुढं धरलं. आत मालकाच्या घरच्या भाकरी होत्या. दुपारच्या, थंड झालेल्या, वर थोडं बेसन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आत्याबाई नवी नवरी असताना याच मालकाच्या दारात, पायरीखाली, टोपलं घेऊन उभी राहायची. गावकीच्या, म्हणजे गावाच्या पडेल त्या कामाबद्दल उरलीसुरली भाकर मिळायची, ती मागून आणायचं काम सुनांचं. पुढं आमच्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि वस्तीनं ठरवलं, आता दारोदार भाकर मागायची नाही, कुणी आणून दिली तरी घ्यायची नाही. उपाशी राहिलो तरी. आणि राहिलेच ते लोक उपाशी, दुष्काळातसुद्धा. दुष्काळी कामावर खडी फोडली, पण भाकर मागितली नाही. ते टोपलं आत्याबाईनं स्वतःच्या हातानं चुलीत घातलं होतं, असं नवरा सांगायचा.

आणि आता ही पोरगी सगळ्या वस्तीसमोर तीच भाकर घेऊन आमच्या दारात उभी. चांगल्या मनानं उभी, हसत.

पलीकडच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता, नात्यानं आत्याबाईचा दीर. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वहिनी, बराय की. आधी आपल्याला जावं तरी लागायचं, आता घरपोच येऊन राहिल्या."

कुणी हसलं नाही. मला जमीन फाटावी असं झालं. मी तिथंच म्हणाले, आत्याबाई, माझ्यामुळं झालं हे, मीच पोटावर हात ठेवून तिला खूण केली. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पोरीला आत घेतलं, सतरंजी टाकली, बसवलं. चुलीवरची गरम भाकर आणि तिखट चटणी तिच्यापुढं ठेवली आणि खायची खूण केली. पोरगी आपलं फडकं पुढं सरकवायची, आत्याबाई ते बाजूला सारायची. ती जेवेस्तोवर समोर बसून राहिली. मग फडक्याला पहिल्यासारखी गाठ मारली, ते हातात घेतलं, दुसऱ्या हातानं पोरीचा हात धरला आणि निघाली. मी मागं.

मालकाच्या ओसरीच्या पायरीखाली ती थांबली. वर चढली नाही. मालकीणबाई बाहेर आल्या, मुलगाही आला. आत्याबाईनं फडकं पायरीवर ठेवलं.

"मालकीणबाई, ह्या तुमच्या भाकरी. पोरीला ठाव न्हवतं. मला भाकर नको, माझं काम द्या."

मालकीणबाईंचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, तिनं खुणेनं मागितल्या, मला वाटलं तिलाच भूक लागली. मग मुलाकडं वळून पुटपुटल्या, की आता सांग तिला सगळं. तो अडखळत तिच्या भाषेत बोलायला लागला. किती वेळ बोलला, काय बोलला, मला कळलं नाही, पण पोरीचं तोंड बघूनच कळत गेलं. आधी ती माझ्याकडं बघत होती, मग आत्याबाईकडं, मग खाली. शेवटी लुगड्याच्या पदरात तोंड लपवून हळू काहीतरी म्हणाली. मुलानं आम्हाला सांगितलं, "ती म्हणतीय, तिला वाटायचं, काम करून खाल्लं की आपलं ओझं कुणावर पडत न्हाई."

आत्याबाई म्हणाली, "सांगा तिला, हात चांगलाय तिचा." बस, एवढंच.

सकाळी बोलावणं आलं आणि आत्याबाई कामाला गेली. बायांनी जागा करून दिली, कुणी विषय काढला नाही. पोरगी त्या दिवशी खळ्यावर आली नाही. ओसरीत पाहुण्यासारखी बसून होती, रिकाम्या हातांनी. तिथून आम्ही दिसत होतो तिला. मालकीणबाई तिला चहा नेऊन देत होत्या आणि ती घेताना मान वर करत नव्हती. दोन दिवसांनी ती पिशवी पाठीवर टाकून वसमतच्या एसटीनं गेली. जाताना आमच्याकडं आली नाही. मी तिला दोष देत नाही. मीही तिला गाठायला गेले नाही, कुठल्या तोंडानं जाणार होते?

माझ्या मनात होतं, आत्याबाईचं काम तर परत मिळालं, म्हणजे झालं ते बरंच झालं. ती गेली त्या संध्याकाळी कामावरून घरी परत येताना मी तसं म्हणूनही दाखवलं. ती पुढं चालत होती, गुडघा धरून, मी तिच्या मागं.

"मिळालं गं पोरी," ती म्हणाली. "पर त्याच पायरीखाली उभं राहून मागावं लागलं."

खाली मान घालून, तिच्या हळदीनं पिवळ्या झालेल्या टाचांकडं बघत मी घरापर्यंत आले.