दादाची चौकट आणि नेऱ्याची अळंबी

रविवारी सकाळी दादाचा फोन आला. नेऱ्याच्या शेतघराच्या दाराची चौकट वाळवीने खाल्ली, चल बघायला. भावाच्या नुकसानीला इतक्या आनंदाने निघू नये, पण श्रावणातलं नेरे म्हटलं की मला राहवत नाही. पनवेलहून स्कूटरने अर्धा तास लागतो. खड्डे धरून पाऊण. वडापाव शहरातच खाऊन घ्या, कारण पुढे डोंगर दिसू लागले की भुकेची आठवण राहत नाही.

चौकट वरून छान रंगवलेली होती आणि आत बोट घातलं की नुसता भुसा. चार पैसे वाचवायला दादाने आंब्याचं लाकूड वापरलं होतं. आता त्याने औषधाचा डबा आणला होता, कुंपणाजवळच्या वारुळात ओतायला.

तेवढ्यात वरच्या वाडीतल्या हिराबाई टोपली घेऊन आल्या आणि डबा पाहून वारुळासमोर बसल्याच. सासूच्या काळापासून त्यांच्या घरचे इथली अळंबी काढून पनवेलच्या बाजारात विकतात. वर्षातून चारच दिवस ती उगवते.

"औषद टाकलंस तर अळंबी संपली," त्या दादाला म्हणाल्या. "मला नाय आन् तुलाबी नाय."

वाळवीचा अळंबीशी काय संबंध, असं दादाने विचारलं आणि माझ्यातली शास्त्राची बाई जागी झाली. लाकडात साखरेच्याच लांबलचक साखळ्या असतात, पण त्यांना असा चिवट लेप असतो की पोटातल्या रसांना आत शिरताच येत नाही. गवत पचवणारी गायसुद्धा ओंडक्यापुढे हात टेकते. ही वाळवीही एकटी हरते. म्हणून ती लाकूड चावून वारुळात नेते, त्यावर बुरशी वाढवते, बुरशीने ते मऊ केलं की मग खाते. तीच बुरशी जमिनीवर डोकं काढते, ती अळंबी.

"म्हंजे त्याबी शेतीच करतात," हिराबाई म्हणाल्या. "तुज्यापरीस बरी."

दादाने डबा खाली ठेवला, पण झाकणावरचा हात काही काढला नाही.

मग हिराबाईंनी मला अळंबी काढायला लावली. मी एक जोरात उपटली तर ओरडा बसला. बुडाशी धरून हलकेच मोडायची, बारकी ठेवायची, भोकावर माती लोटायची. तुम्ही मात्र स्वतः तोडायला जाऊ नका, विषारीही असतात. जाणत्या बाईकडून घ्या. सागाच्या पानातला वाटा आम्हाला दोनशेला पडला.

कांदा, लसूण, हिरवी मिरची आणि तांदळाची भाकरी. दादाने तीनदा वाढून घेतलं. चौथ्यांदा वाढून घेताना, का कोण जाणे, तो थांबला.

"म्हणजे मी माझीच चौकट खाल्ली?"

"पचली ना? मग झालं," हिराबाई म्हणाल्या. मला हसून हसून ठसका लागला.

संध्याकाळी घरी आले तरी बोटांना त्या मातीचा वास होता, आणि मी तो मुद्दाम धुतला नाही. डबा न उघडता दुकानात परत गेला. दादाने लोखंडी चौकट बसवली.

मागच्या आठवड्यात पुन्हा गेले होते. जुनी चौकट बंबात गेली असेल असं वाटलं होतं, तर ती वारुळाशेजारी नीट आडवी ठेवलेली. हे काय, म्हणून विचारलं.

"पुढच्या वर्षाची बेगमी," दादा म्हणाला.