चौदा नंबरचा ज्योतिबा

ज्योतिबा माणूस तापट, खोटं कशाला सांगू? तोंड कमी, हात आधी. माधवनगरच्या आमच्या चाळीत पोरं त्येला टरकून असायची आन् बायका त्येच्या नावानं बोटं मोडायच्या. मी बी मोडलीत. यंत्रमागावर जॉबर व्हता. बिघडलेला माग त्येच्या हाताखाली गपगुमान चालायला लागायचा, पर माणसाशी नीट बोलायचं म्हंजे त्येच्या जिवावर यायचं.

ह्याच माणसानं आमाला, दुसऱ्या जातीच्या माणसांना, आपली खोली दिली. चौदा नंबर त्येचा, मागं मोरी असलेला. आमचा नऊ नंबर म्हंजे नुसतं खुराडं. मला दिवस गेल्याचं कळलं तसा एक दिवस दारात आला आन् माझ्या सासूला, बनाबाईला म्हणला, "मावशे, सून काय रस्त्यावर न्हाणार हाय व्हय? उचला भांडी." आमी हो-न्हाई म्हणायच्या आत आमचा संसार त्येनंच उचलून चौदात नेला आन् आपला नऊत आणून टाकला. त्येची बायको माया दातओठ खात मागनं पेटी घेऊन आली.

असल्या अदलाबदली चाळीत लय झाल्या व्हत्या. कुणाकडं सून आली, कुणाचं म्हातारं अंथरुणाला खिळलं, की आपसात खोल्या बदलायच्या. मालकाला सांगायला कोण जातंय? भाडं घ्यायला दिवाणजी यायचा, अंगणात उभा राहून नावानं हाळी द्यायचा आन् ज्याचं नाव त्यो बाहेर यायचा. खोलीच्या नंबराचं कुणाला काय पडलंय?

मंग मालक लालासाहेब थकले आन् त्यांचा ल्योक मुकुल पुण्याहून कॉम्प्युटर घेऊन आला. शहाण्णव-सत्त्याण्णव साल असंल. सांगलीच्या हापिसात एक पोरगी बसवली आन् सगळ्या चाळींची जुनी पुस्तकं तिच्याकडनं कॉम्प्युटरात भरून घेतली. एक खोली, एक भाडेकरू. पुस्तकात चौदापुढं ज्योतिबा, तसाच त्यो मशिनीत गेला. दिवाणजीला घरी बसवलं. चाळीत येऊन एखादं दार वाजवून बघावं, एवढं बी त्या शिकलेल्याला सुचलं न्हाई. वाटोळं होवो मेल्याचं!

त्या उन्हाळ्यात मुकुलनं चाळीचा नळ तोडला. चाळ पाडून त्येला दुकानं काढायची व्हती, माणसं तहानेनं पळतील असं वाटलं असंल. ज्योतिबा सायकल मारत हापिसात गेला आन् सगळ्यांदेखत त्येच्या थोबाडीत दिली. सांजच्याला नळ आला. पर मुकुलनं डूख धरला. कॉम्प्युटरात ज्योतिबाचं नाव घातलं, नंबर आला चौदा. त्यो नंबर सांगून त्येनं मिरजेहून माणसं धाडली, ज्योतिबाला तुडवून खोली मोकळी करा म्हणून.

भरदुपार. चाळीतले पुरुष कामावर, माझा नवरा बी. मी बाजेवर, खाली शेकाची शेगडी, कुशीत नुकती जन्मलेली लेक. सासू मोरीत न्हाणीचं पाणी तापवत व्हती. दारावर पहार बसली आन् कडी तुटून आत येऊन पडली. चार-पाच धटिंगण आत घुसले.

"ज्योतिबा कुठाय?"

सासूनं उकळतं पातेलंच पुढच्याच्या छातीवर फेकलं. त्यो बोंबलत मागं पडला. दुसऱ्यानं तिच्या झिंज्या धरून तिला चौकटीवर आपटली, कपाळ फुटलं. एकानं माझ्यासकट बाज उलटी केली. निखारे फरशीभर, लेक माझ्या पोटाखाली, मी कोपरांवर. माझीच कातडी जळल्याचा वास मला आला. "कुठाय त्यो, सांग!" म्हणून पाठीत लाथा. सांगितलं असतं तर सुटले असते. रातपाळी करून त्यो नऊ नंबरात झोपला व्हता, दोन-चार दारं सोडून. पर आमी सासूसुनांनी ब्र काढला न्हाई.

तिकडं आरडाओरडा ऐकून त्यो उठला व्हता. मायानं कडी आतनं धरून ठेवली, त्येचे पाय धरले. "तुमी घावला न्हाईसा तर जातील माघारी. आवं, ऐका माझं!" त्येनं तिला उचलून बाजूला ठेवली आन् नुसत्या बनियनवर बाहेर पडला.

"अरं भाडखाऊंनो, ज्योतिबा मी हाय! बाळंतिणीला काय इचारता?"

एकाची पहार हिसकून ज्योतिबानं त्येचाच गुडघा फोडला. दुसऱ्याचे दात पाडले. शिव्या देत, अंगावर घेत त्यांना आमच्या दारातनं पार अंगणात ओढत नेलं. तिथं त्यांनी त्येला घेरला. डोक्यात पहिला घाव बसला तरी उभा व्हता. पुढचं मी बघितलं न्हाई, नुसतं ऐकलं. ओलं लाकूड फोडल्यासारखा आवाज येत राहिला. मिरजेच्या दवाखान्यात नेईस्तवर गेला.

मारेकरी धरले गेले. मुकुल नामानिराळा! आन् तिकडं कॉम्प्युटरात काय झालं? भाडेकरू मयत, चौदा नंबर रिकामा. तेराव्याचा मांडव निघाला न्हाई तवर मुकुल हवालदाराला घेऊन कुलूप ठोकायला आला. मी लेक छातीशी धरून दारात उभी. हवालदारानं आत डोकावलं, आमच्या भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघितली, मंग माझ्याकडं बघितलं.

"तू कोण गं? ज्योतिबाची कोण लागतीस?"

'कुणी न्हाई' म्हणलं असतं तर तिथंच कुलूप लागलं असतं.

नऊ नंबरातनं माया आली. कपाळ पांढरं. त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, आन् का बोलावं? आमच्यापायी तिचा नवरा मेला. मला वाटलं, आता खोली मागून घेती. घेतली असती तर मी मुकाट दिली असती. तिनं माझ्या हातातनं लेक घेतली आन् चौदाच्या उंबऱ्यात ठाण मांडून बसली.

"ज्योतिबाची बायको मी हाय. खोली माझी, रिकामी न्हाई."

"आन् ही कोण?" हवालदारानं माझ्याकडं काठी केली.

"जाऊ हाय माझी. ओली बाळंतीण हाय ती, आवाज खाली घ्या."