आमच्या ह्यांचं स्लो मोशन

आमच्या ह्यांना, म्हणजे योगराजना, देवाने हात दिले ते व्हिडिओ हळू करायलाच. सुरतेच्या गोडादऱ्यात आमचं दुकान आहे. खाली फरसाणवाला, वर आम्ही. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. करतो म्हणजे हे करतात. मी गिऱ्हाईक बघते, वही लिहिते आणि तक्रारी ऐकते. तक्रार एकच असते: "कुसुमताई, हळद लागेपर्यंत आमचा चहा पिऊन झाला हो!"

एकदा सांगितलं, दहादा सांगितलं. ऐकतील तर शपथ! नवरी पायऱ्या उतरली, स्लो. मामाने फेटा सारखा केला, स्लो. व्याह्यांनी पान खाल्लं, तेही स्लो. जबडा वर जाताना दिसतो, खाली येताना दिसतो. "अहो, पान कशाला?" म्हटलं तर म्हणतात, "मानाचा पाहुणा आहे, कुसुम. भर्रकन गेला तर उद्या फोन येईल." आता हे खोटं नाही. खानदेशातल्या आमच्या माणसांचा सुरतेत येऊन जन्म गेला, पण व्हिडिओत आपला चेहरा नीट दिसला नाही यावरून अजून वर्षवर्ष अबोला धरतात. म्हणून ह्यांनी नियमच करून टाकलाय, मानाचा माणूस आला की हळू करायचा. आणि ह्यांच्या लेखी कॅमेऱ्यापुढे आलेला प्रत्येक जण मानाचा. वाढपीसुद्धा.

हे मूळचे अमळनेरकडचे. सासरे इथे लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, होते. हे स्वतः आठ वर्षं सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात कापड रंगवायच्या खात्यात. एका लग्नात कॅमेरावाल्याची लाईट धरायला म्हणून गेले, ते परत रंगाच्या खात्यात गेलेच नाहीत. हे स्लोचं खूळ कुठून आलं तेही मला ठाऊक आहे. सासऱ्यांचा एकच व्हिडिओ आहे, कुणाच्या तरी लग्नातला. पाण्याचा जग घेऊन कॅमेऱ्यासमोरून जातात. दोन सेकंद. त्याच वर्षी ते वारले. हे एडिटिंग शिकले तेव्हा पहिलं काम काय केलं असेल, तर ते दोन सेकंद ताणून अर्ध्या मिनिटाचे केले आणि माझ्यासमोर बसून ढसाढसा रडले. तेव्हा मीही रडले. पण म्हणून काय सगळ्या जगालाच ताणायचं?

तर हर्षदाचं सांगते. आमच्या मागच्या गल्लीतल्या उषाबाईंची ही एकुलती एक. नवरा गेल्यावर उषाबाईंनी वीस वर्षं लूमच्या कारखान्यात कांड्या भरल्या, म्हणजे धोट्यातल्या नळीवर सूत गुंडाळायचं काम केलं, आणि पोरीला शिकवलं. पोरगी रिंगरोडच्या मार्केटात साड्यांची डिझाईनं काढते. शहाणी, सरळ पोर. आणि हिला नाद कसला लागावा? विमानातून उडी मारायचा! मेहसाण्याकडे शिकवतात म्हणे. घरी ऑफिसची पिकनिक सांगून गेली. कुणीतरी उषाबाईंना मोबाईलवर फोटो दाखवला, आणि तीन आठवडे आई लेकीशी बोलली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "मला उडी दाखव. सगळी. मग सांगते, परत जायचं का नाही."

हर्षदाचं उडीचं शिक्षण अर्धं राहिलं होतं. पुढच्या महिन्यात जायचं होतं. आईने नाही म्हटलं असतं तर ती गेली नसती, हे मी पोरीला ओळखते म्हणून सांगते.

एका दुपारी ती उडीच्या व्हिडिओचा पेनड्राइव्ह घेऊन आली. "काकू, साधा तीन मिनिटांचा करा. काकांना सांगा, स्लो मोशन नको. पडतानाचं तर अजिबात नको. ते चाळीस सेकंदांचं आहे, तेवढंच राहू द्या. आई घाबरेल." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि पॅराशूट उघडल्यावरचे अकरा सेकंद काढून टाका."

"का गं?"

"दोऱ्यांना पीळ पडला होता. पडतो कधीकधी. सोडवता येतो, शिकवलेलं असतं आम्हाला. पण आईला कळलं तर संपलंच."

"आई 'सगळी' म्हणाली होती ना?"

"खोटं नाही सांगत, काकू. जरा कमी दाखवतेय."

मी वहीत लिहिलं: हर्षदा, तीन मिनिटं, पडतानाचं आहे तसंच, नंतरचे अकरा सेकंद काढणे, स्लो नको. 'स्लो नको'खाली दोन रेघा मारल्या. वही ह्यांच्या नाकासमोर धरली. "वाचलं," म्हणाले.

रविवारी मायलेकी दुकानात आल्या. घरी मोबाईलवर काय दिसणार, म्हणून आमच्या मोठ्या स्क्रीनवर बघायचं ठरलं होतं. मी आधी बघून ठेवायला हवा होता. लग्नसराईच्या गडबडीत राहून गेलं, ही माझी चूक. ह्यांनी "एकदम तयार आहे" म्हटलं आणि मी विश्वास ठेवला, ही दुसरी.

व्हिडिओ सुरू झाला. हर्षदाच्या नावावर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. मी कपाळाला हात लावला. पायलट च्युइंगम चघळत होता, स्लो. पट्टे आवळणारा माणूस हसला, स्लो. "पायलट कशाला?" मी ह्यांच्या कानात फुसफुसले. "मानाचा ना तो," हे म्हणाले.

मग विमानाचं दार उघडलं आणि सनई सुरू झाली. बिदाईची! ह्यांच्याकडे बिदाईचा साचा कायम तयार असतो. सनई, कडा धूसर, पावलं जड, त्यात फक्त नवरी बदलायची. ह्यांनी त्यात हर्षदाला घातली होती! तिचा पाय दाराबाहेर येतोय, येतोय, अजून येतोच आहे, मागे सनई हुंदके देतेय, आणि इकडे उषाबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या.

आणि चाळीस सेकंदांची किती मिनिटं केली असतील? सहा! इतकं ताणल्यावर मधले फोटो कॅमेऱ्यात असतात कुठे? ते मशीनने आपल्या मनाने बनवले, आणि हर्षदाला तीन हात फुटले, मध्येच दोन नाकं आली. उषाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. "अजून पडतेच आहे?" त्यांनी दोनदा विचारलं. हर्षदा माझ्याकडे बघतेय, मी ह्यांच्याकडे बघतेय, आणि हे स्क्रीनकडे बघतायत, कौतुकाने! असा संताप आला की माऊस उपटून खाली फरसाणवाल्याच्या कढईत टाकावा.

पॅराशूट उघडलं. म्हटलं, चला, निदान ते अकरा सेकंद तरी काढले असतील. कसले काढतायत! शिकवणाऱ्याने तिच्या पाठोपाठ आपलं पॅराशूट उघडून खालून तिच्यावर नजर ठेवली होती, त्यामुळे त्याच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. ह्यांनी ते मोठं केलं होतं आणि दीड मिनिटाचं केलं होतं. वर दोऱ्या वेणीसारख्या वळलेल्या, खाली हर्षदा फिरतेय.

"काका, बंद करा," हर्षदा ताडकन उठली. मीही उठले.

"थांब," उषाबाई म्हणाल्या. तोंडातला पदर बाजूला झाला होता. "हाई काय शे?" घरातली अहिराणीच आली तोंडातून. मग ह्यांना म्हणाल्या, "भाऊ, मागे घे."

ह्यांनी मागे घेतलं. त्यांनी बघितलं. "परत घे." परत घेतलं. तिसऱ्या वेळी त्या खुर्ची सोडून स्क्रीनला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन उभ्या राहिल्या. हर्षदाचा चेहरा पांढरा पडला होता.

"इथे," उषाबाईंनी बोट ठेवलं. "इथे हिने काहीच केलं नाही."

खरंच होतं. हर्षदाने मान वर करून दोऱ्यांकडे बघितलं होतं आणि तेवढा वेळ तिचे हात स्थिर होते. एरवी तो एक सेकंद कुणाला दिसलाही नसता. मग तिने डोक्यावरचे दोन्ही पट्टे धरून एकमेकांपासून दूर केले आणि पाय झाडले, पिळाच्या उलट्या बाजूला. एक वेढा सुटला. पुन्हा झाडले. दुसरा सुटला.

"ओढलं नाही," उषाबाई हळूच म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. "सूत पिळलं की नव्या बाया ओढतात. ओढलं की तुटतं. आधी हात थांबवायचा, पीळ कुठल्या बाजूचा ते बघायचं, मग उलटं फिरवायचं. कारखान्यात माझ्याशेजारी बसायचीस तेव्हा सांगायचे तुला. वर गेल्यावर आठवलं?"

"आठवायला वेळ कुठे होता, आई," हर्षदा म्हणाली. "हात आपोआपच थांबले." आणि रडायला लागली.

"हेच लपवणार होतीस ना?"

हर्षदाने होय म्हणून मान हलवली.

"वेडी गं माझी. पडताना बघून मी ठरवलंच होतं, नाही म्हणायचं. आता कसं म्हणू?" उषाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले, उलटसुलट करून बघितले. "जा. पण सांगून जा. विमानात बसायच्या आधी फोन कर आणि खाली आल्यावर कर."

मला भरून आलं, नाही असं नाही. पण राग कुठे जाणार! मी ह्यांच्यावर घसरलेच. "वहीत दोन रेघा मारल्या होत्या! ते अकरा सेकंद काढायला सांगितले होते!"

"काढायलाच बसलो होतो," हे खाली बघत म्हणाले. "पण पोरीने वर बघितलं ना, ते काढवेना. म्हटलं, आईने बघितलं पाहिजे."

"आणि पायलटने चघळलेलं? तेही आईने बघायला हवं होतं?"

ह्यांनी माऊस पुसायला घेतला. दरवेळी घेतात.

मायलेकी निघाल्या. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरून उषाबाई मागे वळल्या. "भाऊ, हे असंच राहू दे, हळू. रोज बघेन मी. फक्त ती सनई काढून टाक," त्या म्हणाल्या. "माझी पोर परत आलीय."

ह्यांनी तिथल्या तिथे सनई काढली. आमच्या संसारात पहिल्यांदाच काहीतरी झटक्यात केलं.