तेल्हाऱ्याची वाट आणि ऐंशीचा काटा

राजापेठेतल्या आमच्या जिन्यावरून सायकल खाली उतरवत होते, तेवढ्यात शेजारच्या काकूंनी दार उघडलं. "मॅडम, या वयात?" त्यांनी विचारलं. मी पन्नाशीची, शाळेत गणित शिकवते, आणि सायकल माझी नाही, लेकीची. समताने पहिला पगार साठवून घेतलेली ही डोंगरी सायकल ती पुण्याला नव्या नोकरीला गेल्यापासून धूळ खात होती. तेल्हाऱ्याला मावसबहिणीकडे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सातपुड्याच्या पायथ्याशी पोपटखेडच्या धरणापर्यंत फेरी, असा माझा बेत होता. लहानपणी ते डोंगर मी शाळेच्या खिडकीतून नुसते पाहिलेले.

सायकल देण्याआधी समताने फोनवर अर्धा तास शिकवणी घेतली. पुढच्या चाकाच्या दोन जाड दांड्यांना म्हणे फोर्क म्हणतात. त्यात स्प्रिंग नसते, हवा असते, आणि ती भरायला नळी आणि काटा असलेला एक छोटा शॉक पंप असतो. "काटा ऐंशीवर हवा. साठच्या खाली गेला तर उतरायचं, बसायचं नाही. फोर्क आतून आपटला की संपला. आणि आई, काट्याचा फोटो पाठव." मी तिला दिवसातून तीन वेळा फोन करते, जेवलीस का, पोचलीस का, बरी आहेस ना म्हणून. तिसऱ्या फोनला ती नुसतं 'हो' म्हणते. त्या दिवशी मात्र भरभरून बोलली, तेही सायकलबद्दल.

अकोटपर्यंत काळीपिवळीने (वडाप जीपने) गेले, सायकल टपावर. गिला वडा (दह्यात भिजवलेला उडदाचा वडा) खाल्ला आणि तिथेच पंप काढला. ऐंशी भरली, नळी काढायला तिची पितळी चकती फिरवली, तर फुस्स! उत्तरं दोनदा तपासायची माझी सवय. नळी परत लावली, काटा बहात्तर. पुन्हा भरली, पुन्हा काढली, पुन्हा फुस्स. पुन्हा लावून पाहिलं, बहात्तरच.

एवढ्यात आमच्याभोवती रिंगण जमलं. "काहून वो मॅडम, सायकलले इंजेक्शन देऊन राहिल्या काय?" एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं. हवा आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "चाकात हवा आयकली होती. दांडीत हवा? बाप्पा! एक डाव दाखवा बरं."

आता वऱ्हाडात कुणी 'दाखवा' म्हटलं की नाही म्हणणं पाप. दाखवलं. मागून आलेल्यांनाही दाखवलं. तेल्हाऱ्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कपाशी कमरेएवढी, पिवळी फुलं, भादव्याचं चटचटतं ऊन. आणि जिथे चहाला थांबले तिथे तेच. "एक डाव दाखवा." प्रत्येक वेळी काटा आधीपेक्षा खाली. हात भरून आल्यामुळे पुन्हा पंप मारायचं त्राण नव्हतं, म्हणून नळी लावून नुसता काटा पाहायची आणि नळी काढायची. शेवटच्या थांब्यावर काटा छप्पन्न. खड्ड्यात चाक गेलं की पुढून ठक्क असा आवाज यायचा.

उतरले. शेवटचे चार किलोमीटर पायी ढकलत नेली. समताला फोन करून खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "सील गेलं असेल, हवा गळतेय. आई, उद्या धरण नको. घरी परत ने. मी तुला द्यायलाच नको होती." शेवटचं वाक्य मला फार लागलं.

तेल्हाऱ्याला मावसबहिणीने, शीलाताईने, दारातच "जय भीम वं बाई" म्हणत हातातली सायकल घेतली. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, चार एकर कपाशी स्वतः पाहते. पातोडीची भाजी (बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा) आणि भाकरी वाढून तिने माझी कर्मकहाणी ऐकली. मग साबणाचं पाणी आणून फोर्कच्या तोंडावर ओतलं. दोघी उकिडव्या बसून पाहत राहिलो. एक बुडबुडा येईल तर शपथ.

"हवा अथून जाऊन नाही राहिली," ती म्हणाली. "मंग फुस्स कशाची?"

"तेच तर कळत नाही!"

तिने खुंटीवरचा पाठीवर घ्यायचा फवारणीचा पंप खाली घेतला. त्यात साधं पाणी भरून दांडा मारला, कॉक बंद केला आणि पुढच्या नळीचं तोंड उघडलं. चिर्र करून पाणी माझ्या साडीवर उडालं.

"टाकीतलं गेलं काय?"

"नाही. कॉक बंद आहे."

"मंग?"

"नळीतलं गेलं," मी म्हटलं, आणि माझंच मला हसू फुटलं.

"हाव ना! तुही फुस्स नळीतलीच. आन् रिकामी नळी परत लावली, का पह्यले नळीच दांडीतली हवा पेते. तितका काटा खाली. तू दहा डाव पायलं, दहा डाव नळीले पाजलं. सील-बिल काई गेलं नाही, तुह्या पायण्यानंच हवा गेली."

पंचवीस वर्षं गणित शिकवणारी मी, आणि ही साधी वजाबाकी मला दिसली नव्हती!

सकाळी ऐंशी भरली. चकती न थांबता झरझर फिरवली. फुस्स झालं. हात नळीकडे गेलाच, तशी शीलाताईने त्यावर चापट मारली. "ठेव तो पंप घरी." फोर्कच्या दांडीवर एक रबरी कडं असतं, सायकलवर बसून उतरलं की ते किती सरकलं त्यावरून दांडी किती दबली ते कळतं. दोन बोटं सरकलं. पुरे होतं.

पोपटखेडपर्यंत काय वाट होती! गोटे, चाकोऱ्या, मधेच चिखल, आणि पुढचं चाक सगळं गिळत चाललेलं. एकदाही ठक्क नाही. धरणाच्या भिंतीजवळ पोचले तर पलीकडे खिडकीतले ते डोंगर हिरवेगार, अगदी समोर. मला रडूच आलं. तिथे माझं रडणं पाहायला दोन म्हशी होत्या. परत निघताना कडं खाली सरकवलं आणि पुन्हा बसून पाहिलं. सकाळी बसले तेव्हा दोन बोटं, आताही दोनच. समताने काट्याचा फोटो मागितला होता. मी तिला धरणाचा पाठवला आणि खाली लिहिलं, 'सील ठीक आहे. हवा आहे तेवढीच आहे. मोजणार नाही.'

राजापेठेत परतले तेव्हा क्लासेस सुटून गाड्यांची ही गर्दी. सायकल पुसून जागेवर लावली आणि सवयीने मोबाइल हातात घेतला. जेवलीस का, पोचलीस का, बरी आहेस ना. बोट तिच्या नावावर होतं. शीलाताईची चापट आठवली. मोबाइल ओट्यावर ठेवला आणि कुकर लावला. दुसरा दिवसही तसाच काढला. सोपं नव्हतं, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी शाळेतून येऊन चपला काढत होते, तर तिचाच फोन.

"आई, दोन दिवस फोन नाही. काहून? बरी आहेस ना?"

"हो," मी म्हटलं.

मग ती बोलायला लागली. ऑफिसातली भांडणं, जळालेली भाजी, नव्या खोलीतल्या खिडकीतून दिसणारी टेकडी. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला, तरी ती बोलतच होती.